विहारनौकेचा धूर

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत, विसाव्या शतकाच्या आरंभीं, ओले एव्हिनरूड नांवाचा एक यंत्रकुशल तरुण राहत असे. जन्मानें तो नॉर्वेजियन. उन्हाळ्यांतील एका दिवशीं सरोवराच्या कांठीं मित्रमंडळींची सहल चालली असतां त्याच्या वाग्दत्त वधूला आइसक्रीम खाण्याची इच्छा झाली. हा बिचारा वल्हीं मारीत पलीकडच्या तीरावर गेला. परंतु परत येईपर्यंत आइसक्रीमचें पाणी झालें होतें. ह्या फजितींतूनच नावेच्या पाठीमागें बाहेरून अडकवितां येईल असें एंजिन करण्याची कल्पना त्यास सुचली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकांचें खरेंखोटें करीत बसण्यांत अर्थ नसतो. पण १९०९ सालीं त्यानें मिलवॉकी येथें असल्या एंजिनांचा धंदा सुरू केला हें मात्र खरें. एका प्रियकराच्या हौसेंतून निघालेलें हें यंत्र पुढें लक्षावधि नावांच्या पाठीशीं लागलें, आणि आज ज्या नैतिक प्रश्नाचा विचार करण्याचें मीं योजिलें आहे तो प्रश्नहि त्याच्याच पाठीमागून आला.

प्रश्न धुराचा आहे. वाचकांपैकीं कांहींजण येथेंच हंसतील. गिरण्या, वीजकेंद्रें, मोटारी व विमानें मिळून आकाश काळें करीत असतां, रविवारीं दुपारीं घटकाभर पाण्यावर हिंडणाऱ्या नावेच्या धुराची चौकशी करणें म्हणजे घराला आग लागली असतां देवघरांतील उदबत्तीची झडती घेण्यासारखें नव्हे काय? मलाहि प्रथम असेंच वाटलें होतें. परंतु जुन्या घडणीच्या टू-स्ट्रोक एंजिनाची रचना समजावून घेतली म्हणजे हें हंसूं मावळतें. ह्या एंजिनांत जळालेला वायु बाहेर जाण्याचें द्वार आणि पेट्रोलमिश्रित ताजी हवा आंत येण्याचें द्वार हीं दोन्हीं कांहीं क्षण एकदमच उघडीं असतात. ताजें मिश्रण जळक्या वायूला ढकलून बाहेर काढतें. पण ढकलतां ढकलतां त्याचा कांहीं भाग स्वतःच, न जळतां, बाहेर निघून जातो. हा भाग थोडाथोडका नव्हे. १०० भाग पेट्रोलपैकीं २५ ते ३० भागांपर्यंत तो जातो, आणि वंगणाचें तेल पेट्रोलांतच मिसळलेलें असल्यामुळें तेंहि त्याच्यासंगें जातें. शिवाय ह्या एंजिनाचा उच्छ्वास बहुधा पाण्याखालीं, पंख्याच्या मध्यांतून सोडलेला असतो. आवाज कमी व्हावा हा त्यांतील हेतु. पण परिणाम असा होतो कीं नावेंत बसलेल्यास आपला धूर दिसतच नाहीं. मागें बुडबुडे येतात, पाण्यावर तेलाचा सप्तरंगी तवंग क्षणभर पसरतो, आणि नाव पुढें निघून जाते. हे न जळलेले हायड्रोकार्बन हवेंत नायट्रोजनच्या ऑक्साइडांशीं मिळतात, वर सूर्यप्रकाश पडतो, आणि त्यांतून जमिनीलगतचा ओझोन निर्माण होतो. दमेकऱ्यांच्या व लहान मुलांच्या फुप्फुसांस पीडा देणारा हा वायु होय. नौकाविहाराची वेळ उन्हाळ्यांतील लख्ख दुपारची, आणि ओझोन बनण्याची वेळहि तीच.

आतां हा धूर किती, हें ठरवावें कसें? गिरणीच्या धुराड्याशीं यंत्र लावून मोजमाप करतां येतें. लक्षावधि नावांच्या मागें लक्षावधि मोजणीदार धाडतां येत नाहींत. म्हणून अदमास करावा लागतो. अमेरिकेच्या पर्यावरणसंरक्षण खात्यानें ह्यासाठीं बसविलेलें गणित दिसावयास अगदीं सोपें आहे. नावांची संख्या, एंजिनाची अश्वशक्ति, वर्षांतून तें किती तास चालतें तो आंकडा, त्या तासांत पूर्ण शक्तीचा सरासरी कितवा हिस्सा वापरला जातो तें प्रमाण, आणि एका अश्वशक्तीमागें एका तासाला किती ग्रॅम दूषित द्रव्य बाहेर पडतें तें मान, अशा पांचांचा हा गुणाकार आहे. ५० अश्वशक्तीचें एक जुनें एंजिन घ्या. बाहेरून लावावयाच्या एंजिनाचे वर्षाचे तास ह्या गणितांत सुमारें ३५ धरलेले आहेत, आणि शक्तीचें प्रमाण ०.२१. गुणाकार केला म्हणजे ३६७.५ अश्वशक्ति-तास होतात. दर अश्वशक्ति-तासास १०० ग्रॅम हायड्रोकार्बन, असें केवळ हिशेबाच्या सोयीसाठीं धरलें, तर एका नावेचे वर्षाकाठीं ३६.७५ किलो भरतात. ३५ तासांच्या मौजेपाठीमागें पावणेसदतीस किलो! उदबत्तीची उपमा मीं ह्याच ठिकाणीं मागें घेतली.

परंतु ह्या आंकड्यांचें कुळमूळहि पाहिलें पाहिजे. ०.२१ हा आंकडा आकाशांतून पडलेला नाहीं. एंजिनाची परीक्षा घेण्याचा एक ठराविक क्रम आहे. त्यांत एंजिन पूर्ण वेगानें शेंकडा ६ भाग वेळ चालवितात, उतरत्या तीन वेगांनीं अनुक्रमें शेंकडा १४, १५ व २५ भाग वेळ, आणि उरलेले शेंकडा ४० भाग तें कांहींहि काम न करतां नुसतें धुमसत असतें. प्रत्येक अवस्थेंतील शक्ति त्या त्या काळाशीं गुणून बेरीज केली म्हणजे उत्तर ०.२१ च्या आसपास येतें. दहांतील चार भाग वेळ जागच्या जागीं घरघरत राहणारें यंत्र! माणसाच्या विश्रांतीचें इतकें प्रामाणिक चित्र एखाद्या कादंबरींतहि सांपडणें कठीण. तासांच्या आंकड्याची गोष्ट निराळी. नावेंतच तास मोजणारें घड्याळ बसविलेलें नसेल तर तो मालकास विचारूनच काढावा लागतो. आणि आपण सुखांत किती वेळ घालविला हें कोणास नेमकें आठवतें? दुःखाचे तास माणूस मोजतो, सुखाचे मोजीत नाहीं. तीच गत प्रदेशवार वांटणीची. राष्ट्रांतील नावांचा धूर निरनिराळ्या जिल्ह्यांच्या नांवें टाकतांना त्या त्या जिल्ह्यांतील पाण्याचें क्षेत्रफळ हें गमक धरतात. म्हणजे एखादें विस्तीर्ण सरोवर प्रत्यक्षांत ओसाड असलें तरी त्याच्या माथीं पुष्कळ धूर यावयाचा, आणि लहानशा पण गजबजलेल्या तळ्याचें पाप झांकलें जावयाचें. अदमास करणारे लोक हें सारें जाणून असतात. आपण सत्य सांगत नसून सत्याच्या आसपासचें कांहीं सांगत आहों, हें त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

येथें नीतीचा प्रश्न उभा राहतो. अशा अदमासानें कोणावर बंधन येतें काय?

नावेचा मालक म्हणेल, “माझ्या नावेनें अमक्या मुलाचा दमा बळावला असें दाखवून द्या, मी आजच नाव मोडून टाकतों. तुम्हांला तें दाखवितां येत नाहीं. मीं नाव बाहेर काढली नसती तरी त्या मुलाच्या छातींतील एक श्वासहि निराळा झाला नसता. तुमचे ते ३५ तास माझे नव्हेत. ते सरासरी माणसाचे आहेत, आणि सरासरी माणूस अद्याप कोणाच्या पोटीं जन्मास आलेला नाहीं. त्याच्या अपराधाचें प्रायश्चित्त मीं कां घ्यावें?” हा पूर्वपक्ष दुबळा नाहीं, आणि त्याला ढोंग म्हणून झिडकारणें अन्यायाचें होईल. ज्या अपकाराला चेहरा असतो तो आपण लगेच ओळखतों. अमेरिकेंतीलच पॉवेल सरोवरावर, घरनौकांच्या मागील बाजूस साठलेल्या कार्बन मोनॉक्साइडनें पोहणाऱ्या माणसांचे बळी घेतले, असें २००० सालच्या सुमारास झालेल्या तपासांत उघड झालें. तेथें कोणत्या नौकेचा वायु आणि कोणाचा प्राण हें बोट ठेवून सांगतां येत होतें. ओझोनच्या बाबतींत बोट ठेवावयास जागाच नाहीं.

तत्त्वज्ञांतहि ह्या प्रश्नावर एकमत नाहीं. वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँग ह्या अमेरिकन पंडितानें २००५ सालीं लिहिलेल्या एका निबंधांत उदाहरण घेतलें आहे तें असें: एखादा मनुष्य रविवारीं दुपारीं, कोठेंहि जावयाचें नसतां, केवळ मौजेखातर, पेट्रोल भडाभडा पिणारी मोटार फिरवितो, तो अधर्म करतो काय? त्यानें नीतीचीं एकामागून एक तत्त्वें ह्या फेरीला लावून पाहिलीं, आणि एकहि तत्त्व तिला निश्चयानें निषिद्ध ठरवीत नाहीं असा अभिप्राय दिला. कर्तव्य आहे तें सरकारनें कायदा करण्याचें, व नागरिकानें तो करावयास लावण्याचें. उलट डेरेक पार्फिट ह्या इंग्रज तत्त्वज्ञानें १९८४ सालच्या आपल्या ग्रंथांत नैतिक हिशेबांतील चुकांची जी चर्चा केली आहे, तींत एक चूक हीच दाखविली आहे. एका कृत्याचा परिणाम कोणाला जाणवत नाहीं, एवढ्यावरून तें कृत्य निर्दोष ठरत नाहीं. अशीं सर्व कृत्यें मिळून काय करतात हेंहि विचारलें पाहिजे. पुढें २०११ सालीं जॉन नोल्ट ह्यानें तर सरळ हिशेबच मांडला. त्याचा विषय पृथ्वी तापविणाऱ्या वायूंचा. सरासरी अमेरिकन माणसाच्या आयुष्यभराच्या अशा वायूंमुळें एका-दोघां माणसांस तरी गंभीर दुःख किंवा मृत्यु येत असावा, असा त्याचा अदमास आहे. आंकडा ढोबळ आहे. परंतु “माझ्यामुळें कांहींच होत नाहीं” हा आंकडा, म्हणजे शून्य, त्याहून अधिक अचूक आहे असें कोणीं सिद्ध केलें आहे? शून्य हाहि एक अदमासच. तो आपल्या सोयीचा असतो म्हणून त्याचा पुरावा आपण मागत नाहीं, इतकेंच.

आपल्याकडील धर्मशास्त्रकारांस हा पेंच परिचित होता. मनूच्या पुष्कळ वचनांशीं माझें वैर आहे आणि तें मिटण्यासारखें नाहीं. तथापि गृहस्थाच्या पंचसूनांचा जो विचार मनुस्मृतींत आला आहे तो मला ह्या प्रसंगीं वारंवार आठवतो. चूल, जातें, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा हीं घरांतील पांच हिंसास्थानें होत. तेथें रोज सूक्ष्म जीव मरतात. किती मरतात, कोणते मरतात, आज मेले कीं नाहीं, हें कोणी मोजीत नाहीं व कोणाला मोजतांहि येत नाहीं. पण शास्त्रकार असें म्हणत नाहींत कीं, आधीं मेलेला किडा आणून दाखवा, मग आम्ही दोष मानूं. दोष गृहीत धरून त्यांनीं रोजचे पांच महायज्ञ सांगितले, आणि त्यांत अतिथीचा व इतर प्राणिमात्रांचा वांटा ठेविला. मोजतां येत नाहीं म्हणून माफी, असा त्यांचा न्याय नव्हे. मोजतां येत नाहीं म्हणूनच रोजचें नित्यकर्म, असा आहे. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, हीं पांचहि स्थानें भाकरीचीं आहेत. चूल पेटविल्यावांचून आणि जातें फिरविल्यावांचून मनुष्य जगूं शकत नाहीं. जी हिंसा टाळतांच येत नाहीं तिच्याबद्दलहि ज्यांनीं रोजचें देणें लावून दिलें, त्यांनीं विहारासाठीं होणाऱ्या हिंसेस काय लाविलें असतें? सहावी सूना त्यांनीं सांगितली नाहीं, कारण त्या घरांत आउटबोर्ड एंजिन नव्हतें.

पण कोणी म्हणेल कीं, ही झाली मनाची शुद्धि. अदमासावर न्याय कसा उभारावा? उभारावा कीं नाहीं हा प्रश्नच उरलेला नाहीं. आपण तो पिढ्यान् पिढ्या उभारीत आलों आहों. पिकाची आणेवारी म्हणजे दुसरें काय? १९१८ सालचा खेडा येथील सत्याग्रह एका अदमासावरूनच झाला. पीक चार आण्यांच्या आंत आलें तर त्या वर्षींचा सारा तहकूब व्हावा असा नियम. रयत म्हणे पीक चार आण्यांहून कमी, सरकारी अंमलदार म्हणत जास्त. कणसें एकेक करून कोणींच मोजलीं नव्हतीं. मग न्याय कोणाच्या बाजूला? मला वाटतें, अशा वेळीं आंकड्याइतकाच दुसरा एक प्रश्न महत्त्वाचा असतो. अदमास चुकला तर चुकीचा भार कोणावर पडणार? सरकारचा अदमास चुकीचा ठरला तर शेतकऱ्याचीं गुरें व भांडीं जप्त व्हावयाचीं. रयतेचा चुकीचा ठरला तर सरकारी तिजोरींत कांहीं रुपये उशिरां यावयाचे. हीच कसोटी नावेच्या धुराला लावून पाहा. अदमास वाजवीपेक्षां मोठा झाला तर मालकाला महागडें एंजिन घ्यावें लागेल, किंवा एखादी दुपार तीरावर बसून काढावी लागेल. तो वाजवीपेक्षां लहान झाला तर त्याची किंमत कोणी तरी श्वासानें देईल. आणि तें देणारा मनुष्य नावेंत बसलेलाहि नसेल. संशयाचा फायदा आरोपीला द्यावा हें फौजदारी न्यायांतील तत्त्व उत्तमच आहे; पण येथें कोणाला फांशीं द्यावयाचें नाहीं. येथें फक्त एवढेंच ठरवावयाचें आहे कीं, अज्ञानाचा खर्च सुख भोगणाऱ्यानें सोसावा कीं न भोगणाऱ्यानें.

ह्याच ठिकाणीं एक भेद केला नाहीं तर मोठा अन्याय होईल. केरळच्या किनाऱ्यावर कोळी आपल्या लहान होड्यांना बाहेरून एंजिन लावून समुद्रांत जातात; पुष्कळदा तीं घासलेटावर चालतात, आणि त्यांचा धूर कांहीं सुगंधी नसतो. एका ग्रॅमचें वजन तीरावरच्या फुप्फुसाला सारखेंच. मग तो ग्रॅम कोळ्याच्या होडींतून आलेला असो कीं धनिकाच्या क्रीडानौकेंतून. गणित येथें आंधळें आहे आणि तें तसेंच असावें. परंतु नीति आंधळी असून चालणार नाहीं. हेन्री श्यू ह्या अमेरिकन लेखकानें १९९३ सालीं निर्वाहासाठीं होणारें उत्सर्जन आणि चैनीसाठीं होणारें उत्सर्जन असा जो भेद केला तो मला मान्य आहे. मात्र त्या भेदाचा एक दुरुपयोग होतो, तोहि सांगून ठेवतों. चैन हा शब्द तोंडांत आला कीं कांहीं सज्जनांना दुसऱ्याच्या सुखाचा हिशेब मागण्याचा अधिकार मिळाल्यासारखा वाटतो. आठवडाभर कारखान्यांत राबणारा मनुष्य रविवारीं मुलांना घेऊन पाण्यावर गेला, तर तें त्याच्या आयुष्यांतील हलकें काम आहे असें मी म्हणणार नाहीं. पाण्यावरची दुपार ही खरोखरीच मोलाची वस्तु आहे. मुलगी पहिल्यानें सुकाणूं हातांत धरते आणि नाव तिचें ऐकते, त्या क्षणाला कोणतें परिमाण लावावें? सुख पाप आहे असें माझें म्हणणें नाहीं. सुखाच्या तळाशीं बुडबुडे सोडून तें स्वच्छ आहे असें म्हणणें, एवढ्यालाच माझी हरकत आहे. ज्यानें तो पावणेसदतीस किलोंचा गुणाकार एकदां पाहिला, तो दुसऱ्या दिवशीं कालचाच मनुष्य राहत नाहीं. आंकडा चूक असेल, अर्धा असेल, दुप्पट असेल. “मला ठाऊक नव्हतें” हें वाक्य मात्र त्याला आतां उच्चारतां येत नाहीं.

कायद्यानें काय केलें तेंहि पाहूं. अमेरिकेनें १९९६ सालीं नियम करून १९९८ ते २००६ ह्या काळांत नव्या आउटबोर्ड एंजिनांतील हायड्रोकार्बन टप्प्याटप्प्यानें सुमारें शेंकडा ७५ नीं कमी करावयास लाविले. कारखानदारांस सवलत अशी होती कीं, प्रत्येक एंजिन स्वच्छ नसलें तरी चालेल, सर्वांची सरासरी ठरलेल्या मर्यादेंत असावी. ज्या सरासरीला मालक हंसत होता तीच कारखानदाराच्या उपयोगी पडली!

टाहो सरोवरावर ह्याहून कडक उपाय झाला. कॅलिफोर्निया व नेवाडा ह्या दोन प्रांतांच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून सुमारें १,९०० मीटर उंचीवर हें सरोवर आहे. खोली ५०० मीटर. १९६८ सालीं तेथील पाण्याच्या नितळपणाची नियमित मोजणी सुरू झाली तेव्हां पाण्यांत सोडलेली पांढरी थाळी सुमारें ३० मीटर खोलीपर्यंत डोळ्यांना दिसत होती. हवेला अशी थाळी लावतां येत नाहीं, आणि म्हणूनच कीं काय, टाहोला जाग आली ती हवेमुळें नव्हे, पाण्यामुळें. न जळलेलें पेट्रोल, आणि पेट्रोलांत मिसळलेलें एमटीबीई नांवाचें द्रव्य, सरोवराच्या पाण्यांत सांपडलें. दोन्ही प्रांतांच्या संयुक्त मंडळानें १ जून १९९९ पासून कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक एंजिनांस बहुतांशीं बंदी केली. कोणाची नाव, कोणता थेंब, हें कोणीं विचारलें नाहीं. नावा राहिल्या, एंजिनाचा प्रकार गेला. मालकाच्या तक्रारीला ह्याहून चांगलें उत्तर मला सुचत नाहीं. त्याला कोणीं अपराधी म्हटलें नाहीं, आणि त्याच्या धुराला कोणीं शून्यहि म्हटलें नाहीं. अर्थांत् काढून टाकलेलें एंजिन दुसऱ्या एखाद्या तळ्यावर विकतां येतें, आणि तेथें कायदा पोंचलेला नसतो. तें विकावें कीं भंगारांत घालावें, हें त्या मालकाचें त्यालाच ठरवावें लागतें. तेथें त्याच्याजवळ तो अदमासाचा आंकडा आणि त्याचें मन ह्यांवांचून तिसरें कोणी नसतें.

एव्हिनरूडच्या नांवाचीं एंजिनें २०२० सालीं निघावयाचीं बंद झालीं. त्यानें मिलवॉकीस धंदा सुरू केला त्याच १९०९ सालीं, बव्हेरियाच्या आल्प्स पर्वतांत, क्योनिग्झे नांवाच्या सरोवरावर प्रवाशांना हिंडवून आणण्यासाठीं विजेच्या नावा चालूं झाल्या होत्या, आणि त्या आजहि चालतात. वीज कोठें व कशी निर्माण झाली हें विचारलें पाहिजे, हें मी विसरलों नाहीं; गणिताचा एक रकाना तेथेंहि भरावा लागेल. सरोवराच्या दोन्ही बाजूंस उंच कडे आहेत. मध्यावर आल्यावर नावाडी यंत्र थांबवितो, आपलें पितळेचें शिंग काढतो, आणि दोन-चार स्वर वाजवून थांबतो. थोड्या वेळानें तेच स्वर समोरच्या कड्यावरून परत येतात, आणि ते ऐकण्यासाठीं नावेंतील सगळींजण गप्प बसलेलीं असतात.